ओल्या पायरीचे आभार

१

सगळ्यात आधी आभार त्या ओल्या पायरीचे. ती कोरडी असती तर चोर सापडला नसता.

पण आधी चोरी. घराचं कुलूप शाबूत होतं, कपाटं जागच्या जागी होती, शेजाऱ्यांना काही ऐकू आलं नव्हतं. जे गेलं होतं ते इतकं बारीक, की असतानाही डोळ्यांना दिसत नाही. ते गेल्याचं आम्हाला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यांनी माझ्या नवऱ्याचा रिपोर्ट आमच्याकडे वळवला, पेनाचं टोक एका आकड्यावर टेकवलं आणि म्हणाल्या, “शुक्राणूंचा आकडा इथे कोटींत हवा. तुमच्याकडे जवळजवळ काहीच नाही.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने रिपोर्ट नीट वाचला, घडी घातली आणि बाईंना म्हणाला, “नमुन्यासाठी दिलेल्या डबीवरच्या रेघा तिरक्या आहेत. वरची तर एका बाजूला अर्धा मिलिमीटर खाली गेलीय.”

हा माणूस रडतोय की तक्रार करतोय, बाईंना कळेना. मला माहीत होतं, दोन्ही. प्रयोगशाळेत त्या उभ्या काचेच्या नळ्या असतात, त्यांच्यावर केसाएवढ्या बारीक रेघा असतात. त्या कुणीतरी छापलेल्या असतात. तो कुणीतरी म्हणजे माझा नवरा. कारखान्यात त्याला मिलिमीटर म्हणतात. मीही म्हणते, लाडात आले की, किंवा भांडण झालं की.

निघण्याआधी बाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. सिगरेट, दारू, ताप, काही दुखापत. कामावर रसायनं असतात का? असतात, तो म्हणाला, पण मी हातमोज्यांशिवाय कशाला हात लावत नाही. बाईंनी मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

बसमध्ये त्याने माझा हात धरला. त्याच्या बोटांना तो मंद गोडसर वास येत होता, सुट्टीच्या दिवशीही न जाणारा. मला त्याची इतकी सवय झाली होती, की तो त्याच्या अंगाचाच वास आहे असं मी धरून चालले होते.

२

बातमी घरात पोचली आणि प्रत्येकाने आपापला आरोपी हजर केला. सासूबाईंचा संशय त्याच्या खिशातल्या मोबाईलवर, मग गरम पाण्याच्या अंघोळीवर, मग मी प्लास्टिकच्या डब्यात गरम भाजी भरते त्यावर, मग झुरळांच्या फवाऱ्यावर. नणंदेचा संशय माझ्यावर. रिपोर्ट त्याचा आहे, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, “असेल गं, पण दगदग तुझीच जास्त.” याचा अर्थ काय, हे मी अजून शोधते आहे.

मीही एक आरोपी गुपचूप धरला होता. मी दुकानाच्या बिलाच्या खिडकीवर बसते. दिवसभर त्या गुळगुळीत पावत्या फाडून देते. त्या कागदावरच्या लेपाबद्दल कुठेतरी वाचलं होतं, आणि घरी आल्याआल्या याच हातांनी मी याला जेवायला वाढत होते.

फक्त तो कुणावर संशय घेत नव्हता. तो शांतपणे म्हणाला की यंत्रात दोष असेल तर तो यंत्रातच असतो. आणि त्याने टीव्ही लावला. तो टीव्ही कधीच लावत नाही.

३

मग चोराने माल परत आणून ठेवला.

दुसऱ्या तपासणीला आकडा कोटींत होता. भरघोस म्हणावा असा नाही, पण कोटींत. डॉक्टरीणबाई स्वतः खुर्चीतून उठल्या. घरी श्रेय कुणाचं यावरून गोड भांडण झालं. सासूबाईंनी महिन्यापूर्वी त्याचा चहा तोडला होता. बाईंनी गोळ्या सुरू केल्या होत्या. मोबाईल खिशातून पिशवीत गेला होता. मी वाढताना पळी धरायला लागले होते. सगळेच जिंकले, म्हणून कुणी हट्ट धरला नाही.

तेच सगळं आम्ही आणखी नेटाने चालू ठेवलं. चहा नाही, मोबाईल नाही, गोळ्या वेळेवर. तिसरा रिपोर्ट आला तेव्हा आकडा पुन्हा तळाला होता.

बाई म्हणाल्या, कारण सापडत नाही तेव्हा वेळ वाया घालवू नये. आणखी एक तपासणी करू, आणि तीही अशीच आली तर दुसऱ्याच्या बीजाचा विचार करा. त्यात वाईट काही नाही, पुष्कळ घरं तशी हसती झाली आहेत. मला ते पटत होतं. त्याला पटलं नाही असंही नाही. पण घरी आल्यावर तो खिडकीशी उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुला मूल हवंय. तू माझ्यासोबत अडकून पडू नकोस.”

नऊ वर्षांच्या संसारात तो पहिल्यांदाच मोजमाप चुकला होता. मी त्याला तसं सांगितलं. तरी त्या संध्याकाळपासून तो घरात पाहुण्यासारखा वागायला लागला. पाणी हवं असलं तरी विचारून घ्यायचा.

तेव्हा मी आत्याला फोन केला.

४

माझी आत्या ही आयुष्यभर जळालेली घरं बघत आली. विमा कंपनीसाठी ती आगीनंतरची पाहणी करायची. राखेत उभी राहून, आग कशी लागली ते सांगायचं, हा तिचा धंदा. आता निवृत्त आहे, गुडघे कुरकुरतात, पण नाक शाबूत आहे.

मी रडत सगळं सांगितलं. तिने मध्येच थांबवून विचारलं, “दुसरा रिपोर्ट चांगला आला, नक्की?”

नक्की.

“मग रडतेस काय? कायमचं जळालं असतं तर परत उगवलं असतं का? कुणीतरी काडी लावतंय, मध्ये एकदा थांबला होता. तो का थांबला तेवढं शोधायचं.”

दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन दारात हजर. सासूबाईंना तिचं येणं विशेष रुचलं नाही, पण आत्याने आल्याआल्या त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, त्यांनी हिच्या गुडघ्यांची केली, आणि दोघींची युती झाली.

५

घराची झडती एका सकाळीत आटोपली.

आत्याने प्लास्टिकचा डबा उघडून हुंगला. फवाऱ्याची बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं. तव्याचा काळा थर कुठे कुठे सोलला होता, तिथे नख फिरवलं. बाथरूममधले सुगंधी साबण, माझ्या पर्समधल्या पावत्या, सगळं टेबलावर ओळीने मांडलं. पोलिसांनी चोरांची ओळखपरेड घ्यावी तसं.

सासूबाईंनी विचारलं, यातला कोण?

आत्या म्हणाली की यातलं कुणीही धुतल्या तांदळासारखं नाही. गरम अन्न काचेच्या भांड्यात भरा, सोललेला तवा टाका, फवारा कमी करा, हिने पावत्या फाडल्यावर हात धुवावेत. पण हे सगळे पहिल्या रिपोर्टच्या वेळी घरात होते, दुसऱ्याच्या वेळी होते, तिसऱ्याच्या वेळीही होते. चोरी थांबली तेव्हा यांच्यापैकी कुणीच गावाला गेलं नव्हतं.

“म्हणजे सोडून द्यायचे?” सासूबाईंना वाईट वाटलं.

“जामिनावर,” आत्या म्हणाली.

६

मग ती माझ्यासोबत डॉक्टरीणबाईंकडे आली. तिने एकच प्रश्न विचारला: आज नमुन्यात जे दिसतं, ते तयार व्हायला कधी सुरुवात झालेली असते?

बाई म्हणाल्या, साधारण अडीच ते तीन महिने आधी.

सांगता सांगताच त्यांचा हात थांबला. त्यांनी समोरचं कॅलेंडर ओढून घेतलं. बाईंचं बोट दुसऱ्या रिपोर्टच्या तारखेवरून मागे मागे सरकत गेलं, गोळ्या सुरू झाल्या त्याच्याही मागे, चहा तुटला त्याच्याही मागे, आणि एका जागी थांबलं. “आपण भलत्याच महिन्याला शाबासकी देत होतो,” त्या म्हणाल्या. “या काळात काय चाललं होतं?”

आत्या माझ्याकडे वळली. “आग जिथे दिसते तिथे लागलेली नसते, बाळ. सांग. तेव्हा याने काय बंद केलं होतं?”

काहीच नाही, मी म्हणाले. रोज कामावर जात होता, रोज तोच डबा. एक दिवस सुट्टी घेतली नाही, अगदी हात मोडला होता तरी.

दोघी एकदम माझ्याकडे बघायला लागल्या.

७

कारखान्याच्या ओल्या पायरीवरून तो घसरला होता. उजवा हात दोन महिन्यांहून जास्त प्लास्टरमध्ये होता.

८

आभार प्लास्टरचे. त्याने एका फटक्यात निम्मे आरोपी निर्दोष सोडले.

आत्याने मला बसमध्ये समजावलं. हात मोडल्यावरही तो घरी तेच जेवला, त्याच गादीवर झोपला, म्हणून घर सुटलं. कारखान्यात रोज जात होता, तीच हवा दिवसभर घेत होता, म्हणून हवा सुटली. छपाई मात्र त्याने केली नाही, नुसता डाव्या हातात भिंग धरून दुसऱ्यांनी छापलेल्या रेघा तपासत बसला. “म्हणजे चोर नाकाने येत नाही, तोंडाने येत नाही. तो हाताने येतो.”

“पण आत्या, तो तर हातमोजे घालतो.”

“हो ना,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

कारखाना म्हणजे एक लांब खोली. उंच खिडक्या, एका टोकाला पंखा, दुसऱ्या टोकाला भट्टी. मालकांना सगळे काका म्हणतात, माझा नवराही. नातं काही नाही. पोरसवदा वयात हा त्यांच्याकडे आला आणि त्यांनी त्याला रेघ ओढायला शिकवलं, एवढंच. एवढंच म्हणजे सगळंच. त्यांना मूल नाही. कारखाना याच्याच हाती सोपवायचा, असं ते चारचौघांत बोलून दाखवायचे.

काम असं: लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, तिच्यातून शाई काचेवर उतरते, मग काच भट्टीत. दर छपाईनंतर जाळी धुवायची. जाळीच्या छिद्रांत शाई वाळली की रेघ तुटते.

धुण्यासाठी फळीवर दोन डबे. एकाचं नाव पहिलवान. झाकण उघडलं की डोळ्यांत पाणी येतं, म्हणून सगळे त्याला वचकून असतात. खिडक्या उघडल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. दुसऱ्याचं नाव गरीब. त्याचा वास मंद, गोडसर. त्याचं झाकण दिवसभर उघडंच. तो ताटलीत ओतून ठेवलेला असतो, येता जाता त्यात कपडा बुडवतात.

आत्याने पहिलवानाकडे ढुंकून पाहिलं नाही. ती गरिबाच्या ताटलीवर वाकली, हुंगलं, आणि मला जवळ बोलावलं. मीही वाकले.

माझ्या नवऱ्याची बोटं.

९

इथे एक अडचण उभी राहिली. तिचं नाव खाऊ.

खाऊ हा शेजारच्या टेबलावरचा कामगार. तो जाड रेघांची कामं करतो, म्हणजे बाटल्यांवरची नावं वगैरे. तोही जाळी गरिबानेच धुतो, आणि तीही उघड्या हातांनी, कोपरापर्यंत. अशा माणसाला तीन मुलं आहेत, धाकटी दोन तर जुळी. त्याला खाऊ म्हणतात कारण तो सतत काहीतरी खात असतो. खिशात शेंगदाणे, टेबलाखाली बिस्किटं, भट्टीवर गरम करायला ठेवलेला पाव.

जर चोर गरीब असेल, तर त्याने खाऊला लुटायला हवं होतं. माझा नवरा अंगाला थेंब लागू न देणारा. आत्या त्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने खाऊला बाहेर नेलं. मी दारात उभी होते.

— तुम्ही हातमोजे का घालत नाही?

— शेंगदाणे सोलता येत नाहीत, बाई.

— हाताला हे लागतं त्याचं काही नाही वाटत?

— वाटतं ना. चव जाते. बोटाला जरा राहिलं तरी बिस्कीट कडू लागतं.

— मग?

— मग काय, धुतो. साबणाने. खायच्या आधी दर वेळी.

— दिवसातून किती वेळा खाता?

— (खाऊ थोडा लाजला.) ते कोण मोजतं. मिलिमीटरला विचारा.

— कुठे धुता हात?

— या बाहेरच्या नळावर. म्हणून तर काका ओरडतात. पाणी सगळं पायरीवर जातं, आणि मग आमचा मिलिमीटर...

मित्राचा हात आपल्यामुळे मोडला हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, “मनाला लावून घेऊ नका. तुम्ही फार मोठं काम केलंय.” खाऊला काही कळलं नाही. त्याने तिला शेंगदाणे देऊ केले, आणि तिने घेतले.

१०

खिडकीखालच्या बारीक रेघांच्या टेबलाशेजारी एक खिळा आहे. त्यावर हातमोजे टांगलेले असतात. पातळ, पिवळट, रबरी.

ते टेबल कारखान्यातलं मानाचं. आधी काकांचं होतं. नजर अधू झाली तेव्हा काकांनी ते माझ्या नवऱ्याला दिलं, आणि त्यासोबत स्वतःच्या हाताने हातमोजे दिले. ती त्या टेबलाची पद्धतच. बारीक जाळीला बोटाचं तेल लागलं तर रेघ फाटते, म्हणून हातमोजे. म्हणजे ते हातासाठी नव्हतेच कधी, जाळीसाठी होते. काम संपलं की ते त्याच गरिबाने धुवायचे, उलटे करून खिळ्याला टांगायचे, सकाळी पुन्हा घालायचे. एक जोडी फाटेपर्यंत चालवायची. लवकर फाडणारा तो उतावळा. माझ्या नवऱ्याची जोडी महिनोन्महिने चालायची, आणि काका ती कौतुकाने पाहुण्यांना दाखवायचे.

जेवणाच्या सुट्टीत आत्याने सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं.

आधी तिने खिळ्यावरचा हातमोजा नळाखाली धरून पाण्याने फुगवला. थेंबही गळला नाही. काका समाधानाने म्हणाले, “बघा. एक भोक नाही.”

मग तिने हातमोजा पुसला, कोरड्या कागदाची सुरळी केली, तिच्यावर पेनाने एक रेघ ओढली आणि ती सुरळी एका बोटात सारली. हातमोज्याचं तोंड दोऱ्याने घट्ट बांधलं. ते बोट गरिबाच्या ताटलीत उभं केलं आणि म्हणाली, चला, चहा घेऊ.

चहा झाल्यावर तिने दोरा सोडला आणि सुरळी उलगडली.

रेघ गेली होती. तिच्या जागी निळा ढग पसरला होता.

खाऊचंसुद्धा तोंड थांबलं.

आत्याने सावकाश सांगितलं. हा रबर पाणी अडवतो, पण या द्रवाला अडवत नाही. हे त्यातून झिरपतं. खाऊच्या हातावर लागतं ते क्षणभर. तो धुऊन टाकतो. तेही चांगलं नाही, उद्यापासून तेही बंद. पण मिलिमीटरच्या हातावर ते आतून दिवसभर चिकटून राहतं. बाहेर उडून जायला वाट नाही, आणि हातमोजा घातलाय म्हणून धुवायचं कारण नाही. वर रात्रभर तोच हातमोजा आतबाहेर मुरत टांगलेला. “कातडीने पिऊन टाकलं सगळं. निष्काळजी माणूस वाचला, कारण त्याला भूक लागत होती. काळजी घेणारा सापडला, कारण त्याची काळजीच गळत होती.”

डॉक्टरीणबाईंनी डब्यावरचं नाव फोनवर ऐकून खात्री केली. त्या जातीच्या काही द्रवांबद्दल हे जुन्या काळापासून ठाऊक आहे, त्या म्हणाल्या: कातडीतून आत जातात, आणि नेमकं तिथेच घाव घालतात. मी हातमोजे ऐकले आणि पुढे गेले, असंही म्हणाल्या. आत्याने त्यांना सांगितलं की कुणीही गेलं असतं.

माझा नवरा स्वतःच्या हातांकडे बघत होता. मग त्याने डोकं वर केलं आणि पहिल्यांदा, कित्येक आठवड्यांनी, सरळ माझ्याकडे बघितलं. “म्हणजे यंत्र ठीक आहे,” तो म्हणाला.

मी हो म्हणाले.

चोर सापडला होता. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण काकांनी खिळ्यावरचा दुसरा हातमोजा काढला, तो तळहातावर पसरला, आणि विचारलं, “बाई, मी हे टेबल लग्नाआधीपासून सांभाळलं. हेच हातमोजे. हाच डबा. मग माझं काय?”

११

आत्याला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, “मालक, तुमच्याबद्दल मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते घर जळून फार वर्षं झाली. राखही उरलेली नाही.”

“पण शक्य आहे?”

“शक्य आहे. तुमची तपासणी झाली होती का कधी?”

नाही, काका म्हणाले. तेव्हा सगळ्या तपासण्या आमच्या हिच्याच झाल्या. सगळी औषधं हिनेच घेतली. घरातलं बोलणंही हिनेच ऐकलं. माझं नाव कुणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

माझ्या नवऱ्याने त्यांच्या खांद्याला हात लावला. त्याला वाटलं, हे आता म्हणतील की माझ्याच हाताने तुला हे दिलं. ते म्हणालेही तसं. तो म्हणाला, काका, तुमच्याच हाताने मला रेघही दिली.

काकांनी हातमोजा खिशात घातला. मग माझ्याकडे वळले. “सूनबाई, तू चल माझ्याबरोबर घरी. एकट्याने सांगायचं धाडस नाही माझ्यात.”

१२

काकू ओट्याशी भाजी निवडत होत्या. आम्हाला अवेळी दारात बघून त्यांनी आधी विचारलं, कोण पडलं?

काकांनी हातमोजा ओट्यावर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. ते नीट सांगू शकले नाहीत. रेघेपासून सुरू करून भलतीकडेच गेले, मग खाऊच्या शेंगदाण्यांवर आले, मग थांबले. राहिलेलं मी सांगितलं. शक्य आहे एवढंच, नक्की नाही, हेही सांगितलं. आत्याने बजावलं होतं.

काकू ऐकत होत्या. हात थांबले नव्हते. पानं एकीकडे, देठ एकीकडे. सगळं झाल्यावर त्यांनी सुरी खाली ठेवली.

“म्हणजे मी नव्हते,” त्या म्हणाल्या.

“बहुतेक नव्हतीस,” काका म्हणाले. “आणि असतीस तरी...”

“ते राहू दे.” त्यांनी हात पुसले. “हात दाखवा इकडे.”

काकांनी हात पुढे केले, शाळेत छडीसाठी करतात तसे. काकूंनी ते धरले, नाकाशी नेले. छपाई कधीच सोडलेल्या माणसाचे हात, वास असलाच तर आजच्या हातमोज्याचा असणार. तरी त्या हुंगत राहिल्या.

“हा वास मला फार आवडायचा हो,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता त्या रडतील. काका रडत होते. काकूंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि मला आत नेऊन विचारलं की तुझ्या वेळेत कळलं ना, उशीर नाही ना झाला? नाही, मी म्हणाले. बाई म्हणाल्यात, तीन-चार महिने थांबून बघू.

“मग बरं झालं,” त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या, “बरं झालं.” दुसऱ्यांदा म्हणाल्या ते कशासाठी, मी विचारलं नाही. पण निघताना पाहिलं तर त्यांची पाठ मला नेहमीपेक्षा ताठ वाटली, आणि त्या काकांना सांगत होत्या की आज जेवायला उशीर होणार आहे, भूक लागली तर लागू दे.

१३

गरिबाला कारखान्यातून निरोप मिळाला. त्याच्या जागी दुसरं द्रव आलं, आणि त्या द्रवाला खरोखर अडवणारे जाड हातमोजे. त्यांनी रेघ नीट येईना. माझा नवरा महिनाभर चिडचिडा होता आणि मी ती चिडचिड प्रसादासारखी घेतली. जाड बोटांनी बारीक रेघ ओढायला तो शिकला.

पुढचा रिपोर्ट कोटींत आला. त्याच्या पुढचा त्याहून वर. बाई सावध आहेत. त्या म्हणतात, एका माणसावरून सिद्ध काही होत नाही, योगायोगही असतात. मी मान डोलावते. तपासणीच्या डबीवरच्या रेघा अजून तिरक्या आहेत. त्याने त्या सरळ छापून द्यायची तयारी दाखवली आहे, फुकट.

मुलगी झाली ती पहाटे, आत्याच्या गुडघ्यांना न परवडणाऱ्या तिसऱ्या मजल्यावर. तरी ती सगळ्यात आधी पोचली. बाळाला हुंगून म्हणाली, “दुधाचा वास. दुसरा काही नाही.”

थोडी मोठी झाल्यावर तिला कारखान्यात नेलं. खाऊने खिसे रिकामे केले. काका दारात उभे होते. त्यांनी हात पुढे केले, आणि काकू मागून म्हणाल्या, “थांबा.”

त्यांनी काकांना बाहेरच्या नळाशी नेलं. साबण लावला. एकेक बोट, नखांच्या कडा, मनगटापर्यंत, सावकाश. फेसाचं पाणी पायरीवरून खाली ओघळत होतं. मग काकूंनी पदराने ते हात कोरडे केले, उलटसुलट करून पाहिले, आणि मला म्हणाल्या, “आता दे.”

पायरी पार ओली झाली होती. निघताना नवऱ्याने माझा हात धरला, आणि आम्ही बाळाला घेऊन जपून खाली उतरलो.